पायाला कळतं

"अहो, कसला तरी जळका वास येतोय," मांडीवरची पर्स आणखी घट्ट धरत सावकाशरावांची बायको म्हणाली.

"बाहेरचा असेल. काच वर कर."

"काच वर होत नाही. तिला हात लावू नकोस म्हणून तुम्हीच सांगितलंय."

वास बाहेरचा नव्हता. पुलाच्या चढावर, अगदी अर्ध्यात, पोपटी रंगाची ती जुनी छोटी गाडी गळा काढून ओरडत होती आणि जागची मात्र हलत नव्हती. सावकाशराव जितकं रेटत होते तितकं इंजिन बोंबलत होतं, खालून धूर येत होता आणि गाडी उलट वीतभर मागेच सरकत होती. मागे रांग लागली. रांगेच्या तोंडाशी नेमकी बस.

बसचा ड्रायव्हर कोवळा होता. त्याने चार-पाचदा हॉर्न वाजवला, मग खिडकीतून अर्धा बाहेर येऊन ओरडला, "ओ आजोबा! आधी शिकून घ्या, मग गाडी घ्या!"

बसमधली माणसं हसली. सावकाशरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ज्या डेपोची ती बस होती त्याच डेपोत त्यांनी उभा जन्म काढला होता, आणि असली पोरं हाताखाली घेऊन त्यांना बस शिकवायचं काम शेवटची कित्येक वर्षं त्यांच्याकडेच होतं. हे सांगायला तोंड उघडावं तर गाडी आणखी वीतभर मागे आली. त्यांनी हँडब्रेक ओढला आणि तोंड मिटलं.

शेवटी बसमधलेच दोघे-तिघे खाली उतरले आणि त्यांनी गाडीला हात देत देत ती कडेला लावून दिली. बस शेजारून निघून गेली. जाताना त्या ड्रायव्हरने गिअर असा टाकला की सावकाशरावांच्या दातांना कळ लागली.

गाडी थंड होईपर्यंत दोघं आतच बसून राहिली. बायकोने पर्समधून पाण्याची बाटली काढून दिली.

"हॉस्पिटलातून लेकीला याच पुलावरून आणायचं ना?" तिने विचारलं.

"याच."

"बाळासकट?"

स्टिअरिंगवरची नसलेली धूळ सावकाशराव रुमालाने पुसत राहिले.

सावकाश हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. आईबाप कितीही वैतागलेले असले तरी पोराचं नाव सावकाश ठेवत नाहीत. ते डेपोने ठेवलेलं. शिकाऊ ड्रायव्हर स्टिअरिंगवर बसला की हे घडीघडी "सावकाश, सावकाश" म्हणत, आणि स्वतः बस अशी चालवत की उभ्याने जाणाऱ्या म्हातारीलाही दांडी धरावी लागू नये. पुढे कुणीतरी आदराने त्या नावाला राव जोडलं आणि खरं नाव पगारापुरतं उरलं. गल्लीतली पोरंही त्यांना सावकाश आजोबा म्हणत आणि त्यांच्या बायकोला सावकाश आजी. ती बिचारी शिवणयंत्रावर दिवसाला ढीगभर पडदे आणि उशांचे अभ्रे उपसणारी, तिच्याइतकं भराभर गल्लीत कुणी चालत नसे. पण नवऱ्याबरोबर नावही वाट्याला येतं.

शिकाऊ पोरांना द्यायला त्यांच्याकडे दोनच मंत्र होते. पहिला असा: "क्लच डोक्याला कळत नाही, पायाला कळतो. गाडी उचलायला लागली की तळपायाला सांगते. ते ऐकायचं, क्लच सोडायचा आणि पाय बाजूला काढून ठेवायचा." दुसरा मंत्र गाडीच्या नावाने बोटं मोडणाऱ्यांसाठी होता: "गाडी खोटं बोलत नाही. चालवणारा बोलतो."

या माणसाने जन्मभर गावाला इकडून तिकडे नेलं, पण बायकोला कधी शेजारी बसवून फिरवलं नाही, कारण बसमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी इंजिन असतं. निवृत्त झाल्यावर ही हौस उसळून वर आली. त्यात लेकीला दिवस गेले. लेक-जावई दोन गल्ल्या सोडून चौथ्या मजल्यावर राहत. इमारतीला लिफ्ट नाही, तेव्हा बाळाला घेऊन ती पहिले काही महिने आईकडेच येणार हे ठरलेलं होतं.

"हॉस्पिटलातून घरी मी आणणार," सावकाशरावांनी सगळ्यांदेखत जाहीर केलं. "आजवर परक्यांना वाहिलं. माझ्या नातवंडाचा पहिला प्रवास माझ्या हातचा होणार."

"मीही आणू शकतो, बाबा," जावई चाचरत म्हणाला. तो कचेरीत बसणारा, गाडी चालवायला नुकताच शिकलेला.

"जावईबापू, तुम्ही गाडी चालवत नाही, तुम्ही गाडीशी भांडता," सावकाशराव म्हणाले, आणि तो विषय तिथेच मिटला.

जुन्या गाड्यांच्या बाजारात ते गेले आणि पहिल्याच गाडीत बसले ते उतरायलाच तयार होईनात. दलाल दुसऱ्या गाड्यांच्या किल्ल्या वाजवत उभा. हे आपले डोळे मिटून क्लच दाबतायत आणि सोडतायत.

"लोणी आहे रे, लोणी!" ते म्हणाले. "आमच्या बसचं पेडल म्हणजे भरला पोहरा विहिरीतून ओढायचा. आणि हे बघ, पाय ठेवलाय की नाही तेसुद्धा कळत नाही."

दलालाने एकदा त्यांच्याकडे आणि एकदा गाडीकडे पाहिलं. क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलं. मग तो म्हणाला, "वा! याला म्हणतात जाणकार." आणि पोपटी गाडी सावकाशरावांच्या दारात आली.

नव्याचे नऊ दिवस असतात, जुन्याचे तेवढेही नसतात. डावीकडे वळलं की हॉर्न आपोआप वाजे, त्यामुळे गल्लीत वळताना आपण आलो हे सगळ्यांना कळवत यावं लागे. वायपर कडक उन्हात चालत आणि पावसात रुसत. बायकोच्या बाजूची काच एकदा खाली गेली ती गेलीच. "बाबा, पोपट घेतलात आणि तुमचाच पोपट झाला की हो!" लेक पोटावर हात ठेवून खदखदून हसे. पण सावकाशरावांना याचं काही वाटत नसे. डेपोत असताना ड्रायव्हरने नुसतं तोंडाने सांगायचं, "ब्रेक एका बाजूला ओढतोय," की रात्रीतून गाडी दुरुस्त होऊन येई. बॉनेट कधी उघडावंच लागलं नाही. आता म्हातारपणी हात काळे करायला मिळतायत म्हणून ते खूशच होते. त्यांनी हॉर्न सुधारला, वायपर वठणीवर आणले. काच तेवढी राहिली.

मग क्लच गेला. गल्लीच्या टोकाला ज्याचं वर्कशॉप होतं त्या मेकॅनिकने प्लेट बदलली. जुन्या गाडीत हे व्हायचंच, त्याचं कुणाला नवल वाटलं नाही.

"काका, पेडल जड लागतंय. वायरही बदलून टाकू का?" मेकॅनिकने तेव्हा विचारलं होतं.

"याला जड म्हणतोस? एकदा आमची बस चालवून बघ, गुडघे हातात येतील!"

दोघंही हसले होते आणि वायर तशीच राहिली होती. त्यानंतर फार दिवस गेले नाहीत आणि आज गाडी पुलावर बसली.

थंड झालेली गाडी मुंगीच्या पावलाने वर्कशॉपपर्यंत आली. मेकॅनिकने दुसऱ्या दिवशी ती खोलली आणि प्लेट काढून सावकाशरावांच्या हातात दिली. नवी बसवलेली प्लेट, तव्यावर विसरलेल्या पोळीसारखी काळी झाली होती.

"ही दोन-तीन वर्षं तरी जायला पाहिजे होती, काका." मेकॅनिक मान खाजवत उभा राहिला. त्याच्या मनात काहीतरी होतं आणि ते बाहेर काढायला त्याला जड जात होतं. "राग मानू नका. क्लचवर पाय ठेवून चालवायची सवय नाही ना तुम्हाला?"

"मला?"

"नाही, आपलं विचारलं."

"अरे, निम्म्या डेपोला क्लचवरून पाय काढायला मी शिकवलंय! पाय ठेवणाऱ्याला मी तिथल्या तिथे खाली उतरवायचो." सावकाशरावांचा आवाज चढला. सहसा तो चढत नसे, त्यामुळे शेजारच्या टायरवाल्यानेही मान वर केली. "गाडीतच खोट आहे. त्या दलालाने माझ्या गळ्यात मारली."

"असेल," मेकॅनिक म्हणाला. "मी नवी प्लेट टाकतो. परवा या."

सावकाशराव तिथून तडक दलालाकडे गेले. दलाल चहा पीत होता. त्याने त्यांच्यासाठीही मागवला. हे उभ्यानेच बोलले.

"क्लच खराब होता आणि तू लपवलास."

"लपवला?" दलालाने कप खाली ठेवला. "काका, खोटं सांगत असेन तर जीभ झडो. अहो, त्या क्लचपायी तर चार गिऱ्हाइकं परत गेली. एक बाई म्हणाली, हा दाबायला पाय नाही, पहारच पाहिजे. आणि तुम्ही बसलात न बसलात तोच लोणी म्हणालात! मला वाटलं, बसवर तयार झालेला पाय आहे, याला लागत असेल हलका. गिऱ्हाईक लोणी म्हणतंय, मग मी कशाला दगड म्हणू?"

"थापा मारू नकोस."

"बरं, थापा." दलालाने कप पुन्हा उचलला. सावकाशराव पाठ फिरवून निघाले तेव्हा तो स्वतःशीच पुटपुटला, पण त्यांना ऐकू जाईल इतपत: "नाचता येईना, अंगण वाकडं."

ही म्हण सावकाशरावांनी आयुष्यात पुष्कळ पोरांना ऐकवली होती. स्वतःला ऐकायची वेळ पहिलीच. रस्त्याने जाताना का कुणास ठाऊक, त्यांनी थांबून डावा पाय दोनदा फुटपाथच्या फरशीवर आपटून पाहिला. आवाज चांगला खणखणीत आला. आवाज येतोय त्या अर्थी पाय ठीक आहे, असं त्यांनी ठरवून टाकलं आणि ते घरी गेले.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते गाडी आणायला गेले. ऊन मी म्हणत होतं. किल्ली देता देता मेकॅनिक म्हणाला, "मी बसतो बाजूला. एक चक्कर मारून बघू." आणि उत्तराची वाट न पाहता आत बसला.

गाडी गल्लीतून बाहेर पडली, मोठ्या रस्त्याला लागली. सावकाशरावांनी एकामागून एक गिअर असे टाकले की मेकॅनिकला ते हलल्याचंही जाणवलं नाही. वरचा गिअर पडला आणि गाडी सरळ पळू लागली. मेकॅनिक समोर बघत नव्हता. तो खाली, त्यांच्या पायांकडे बघत होता.

"काका, पाय काढा."

"कुठला?"

"डावा. क्लचवरून."

"काढलाय."

थोडं पुढे गेल्यावर आवाज अगदी खाली आणून मेकॅनिक पुन्हा म्हणाला, "काका, पाय काढा ना."

"अरे काढलाय म्हणतोय ना! तुझ्या जन्माआधीपासून..."

"खाली बघा."

सावकाशरावांनी चालत्या गाडीत खाली पाहायचं नाही हा स्वतःचाच नियम मोडून खाली पाहिलं. डावा पाय क्लचवर होता. दुसऱ्या कुणाचा तरी असावा तसा, सगळा भार टाकून, निवांत. पेडल निम्मं आत गेलेलं होतं.

त्यांनी इंडिकेटर दिला, आरशात पाहिलं, गाडी नीट कडेला घेतली आणि बंद केली. मग दार उघडून ते उतरले आणि कडेच्या झाडाच्या दिशेने चालू लागले. त्यांना फक्त गाडीपासून लांब व्हायचं होतं.

"काका," मागून मेकॅनिकची हाक आली. "चप्पल."

ते वळले. मेकॅनिकच्या हातात त्यांची डाव्या पायातली चप्पल होती. ती पेडलखालीच राहिली होती. सावकाशरावांनी आपल्या पायांकडे पाहिलं. उजव्या पायात चप्पल होती आणि डावा पाय उघडा, तापलेल्या डांबरावर टेकलेला होता. तो तिथे आहे हे त्यांना दिसत होतं. बाकी काहीच कळत नव्हतं.

"सावलीत या, काका. खाली तापलंय."

मेकॅनिकने वाकून चप्पल त्यांच्या पायाशी ठेवली, आणि पाय आत गेला की नाही ते बघत तसाच बसून राहिला. "शुगर आहे का तुम्हाला?"

"कागदावर आहे. अंगात नाही," सावकाशराव म्हणाले. हा त्यांचा नेहमीचा विनोद होता. आज कुणी हसलं नाही.

"माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. तिची चप्पल कुठे कुठे सापडायची आणि आम्ही चेष्टा करायचो." तो उठून उभा राहिला. "मला पहिल्याच वेळी संशय यायला हवा होता. पण तुम्ही बसवाले. म्हटलं, तुम्हाला हलका लागत असेल."

"आई कशी आहे?"

"आहे की. एक अंगठा गेला. तुम्ही लवकर दाखवा, काका."

सावकाशराव झाडाच्या बुंध्याला हात टेकून उभे होते. त्यांना बस शिकायला आलेली पोरं आठवली, गाडीला नावं ठेवणारी. "गाडी खोटं बोलत नव्हती," ते म्हणाले.

मेकॅनिकला त्यातलं काही उमगलं नाही. त्याने किल्ली मागितली आणि त्यांना घरी आणून सोडलं.

घरी बायको यंत्रावर बसली होती. परक्याने गाडी चालवत आणलेली तिने खिडकीतून पाहिली आणि यंत्र थांबवलं. सावकाशरावांनी दारात चप्पल काढली आणि घरातल्या सपाता घातल्या. त्या सपातांना मागून पांढरा इलॅस्टिकचा पट्टा शिवलेला होता. मध्यंतरी त्या सारख्या पायातून निसटून मागे राहायला लागल्या, तेव्हा "सैल झाल्यात" असं हे म्हणाले आणि तिने पट्टा शिवून दिला होता.

"पाय बघू," ती म्हणाली.

"काही नाही झालेलं."

"मी काही विचारलं नाही. बघू म्हटलं."

तिने त्यांना खुर्चीत बसवलं, पाय मांडीवर घेतला आणि उलटा करून पाहिला. तळपायाला टम्म फोड आला होता. तिने त्याच्या बाजूने बोट दाबलं. नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आणखी दाबलं.

"दुखतंय?"

"तू दाबतेस का?"

तिचे डोळे भरून आले. "मला कळायला पाहिजे होतं. सपाता निसटतायत, आणि मी आपली इलॅस्टिक लावत बसले!"

"अगं, मलाच नाही कळलं, तुला कुठून कळणार?" ते म्हणाले. मग फार घाबरलेल्या माणसासारखे घाईघाईने बोलू लागले. त्यांना इतक्या घाईने बोलताना तिने कधी ऐकलं नव्हतं. "हे बघ, डावाच आहे. ब्रेक उजव्या पायाला असतो. उजवा ठीक आहे माझा. पोरीला आणेपर्यंत काढतो मी. तेवढं एकदा आणलं की मग किल्ली तुझ्याकडे. मला बाळाला आणायचंय गं."

तिने फोडाला मलम लावलं, वर स्वच्छ फडकं बांधलं आणि म्हणाली, "उद्या डॉक्टरकडे जाऊ."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, मन लावून काम करणाऱ्या. त्यांनी सावकाशरावांना टेबलावर आडवं केलं, नायलॉनचा एक बारीक दोरा दाखवला आणि सांगितलं, "डोळे मिटा. हा पायाला लागला की 'हो' म्हणायचं."

सावकाशराव डोळे मिटून पडले. भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं. बाहेर कुणाचं तरी मूल रडत होतं. बराच वेळ गेला.

"सुरू करा की, डॉक्टर," ते म्हणाले.

"झालं, काका. डावा पाय झाला."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. उजव्या पायाला त्यांनी मधूनमधून "हो" म्हटलं, पण दोनदा दोरा लागलेला नसतानाच म्हटलं. डॉक्टरीणबाईंनी औषधं बदलली, पाय रोज बघत जा, अनवाणी फिरू नका, असं सगळं समजावलं. गेलेली जाणीव परत येईल असं सांगता येत नाही, हेही सांगितलं. गाडीबद्दल बायकोनेच विचारलं. डॉक्टरीणबाईंनी नुसती नकारार्थी मान हलवली.

परत येताना दोघं बसने आली. ड्रायव्हरच्या मागचीच सीट मिळाली. बायको खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुमच्याकडे शिकायला आलेल्या एखाद्या पोराचा पाय असा असता, तर?"

सावकाशरावांचं लक्ष बस गिअर कसे बदलते आहे त्याकडे होतं, किंवा ते तसं दाखवत होते. दोन थांबे गेले.

"उतरवला असता," ते म्हणाले.

लेकीला मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या. घरी सोडायच्या दिवशी सावकाशरावांनी सकाळीच गाडी धुतली, आतून पुसली, मागच्या सीटवर धुतलेली चादर घातली. त्यांच्या पायात आता मागून पट्ट्याचे बंद बूट होते, आणि मधूनमधून ते वाकून बूट जागच्या जागी आहेत ना ते बघत. लेकीला पायाबद्दल अजून सांगितलं नव्हतं. ओल्या बाळंतिणीला कशाला घोर लावायचा, असं नवरा-बायकोचं ठरलं होतं. आदल्या दिवशी ते वर्कशॉपमध्येही जाऊन आले होते. "वायर बदल," मेकॅनिकला त्यांनी सांगितलं होतं. "जड आहे ती."

मेकॅनिकच गाडी हॉस्पिटलच्या दारात लावून गेला. लेक बाळाला घेऊन बाहेर आली, मागून जावई सामान घेऊन. जावई सवयीने मागचं दार उघडून आत बसायला लागला.

"जावईबापू, इकडे," सावकाशराव म्हणाले आणि त्यांनी किल्ली पुढे केली.

"मी?" जावयाच्या हातातली पिशवीच गळली. "बाबा, तुम्ही असताना मी कसा?"

"मला नातीला मांडीवर घ्यायचंय. एका वेळी एकच काम होतं माझ्याच्याने." किल्ली त्यांनी जावयाच्या तळहातावर ठेवली आणि त्याची मूठ आपल्या हाताने मिटली.

बायको पुढे बसली, पर्स मांडीवर घेऊन. सावकाशराव लेकीशेजारी मागे बसले. स्वतःच्या गाडीच्या मागच्या सीटवर ते आज पहिल्यांदाच बसत होते. लेकीने बाळ त्यांच्या मांडीवर दिलं. गाडी निघाली ती अशी हिसका देऊन की बायकोची पर्स खाली पडली. गिअर करकरला. पुढच्या चौकात जावयाने ब्रेक मारला आणि सगळे एकमेकांच्या पाया पडल्यासारखे वाकले. बायकोने मागे वळून नवऱ्याकडे पाहिलं. सावकाशराव बाळाच्या डोक्यामागे हात धरून बसले होते.

पुलाच्या चढावर, अगदी अर्ध्यात, पुढची रांग थांबली. जावयानेही गाडी थांबवली. रांग पुन्हा हलली तेव्हा गाडी पुढे जाण्याऐवजी मागे सरकली आणि बंद पडली. मागून हॉर्न सुरू झाले.

"बाबा!" जावयाच्या मानेवरून घामाचा ओघळ चालला होता.

"सावकाश," सावकाशराव म्हणाले. त्यांचा आवाज खाली, संथ होता. शिकाऊ पोरांनी ऐकलेला. "वाजवू दे त्यांना. हँडब्रेक ओढलात? हां. आता चालू करा. पहिला टाका. थोडं रेटा, इंजिनाचा आवाज येऊ दे. आता क्लच सोडायला घ्या. एकदम नाही. तांदूळ सांडू नये तसा."

गाडी कुरकुरली.

"थांबा तिथेच. पायाला काही कळतंय का?"

"हो... कळतंय, बाबा. खालून थरथरतंय. गाडी ओढ घेतेय."

"तळपायाला कळतंय ना?"

"हो."

"मग तेवढंच ऐका. मागचे हॉर्न ऐकू नका. सोडा हँडब्रेक."

गाडीने एक श्वास घेतला आणि ती चढ चढू लागली. बायकोने पर्स उचलून मांडीवर घेतली. पुलाचा माथा आला, वारा उघड्या काचेतून आत शिरला, आणि जावयाने न करकरता वरचा गिअर टाकला.

"आता पाय काढा," सावकाशराव म्हणाले.

"काढला, बाबा."

त्यांनी पुढे वाकून, दोन सीटांच्या मधून, पाहून घेतलं. पाय खरंच काढलेला होता.

गाडीच्या हेलकाव्यांनी दुपट्यातून नातीचा एक पाय बाहेर आला होता. बोटभर, गुलाबी, अजून जमीन न पाहिलेला. सावकाशरावांनी तिच्या तळपायावरून आपलं बोट अलगद फिरवलं. तिने झटकन पाय आखडून घेतला आणि पाचही बोटं मुडपली. ते बघत राहिले. मग, नक्की करून घेण्यासाठी, त्यांनी आणखी एकदा बोट फिरवलं. तिने पुन्हा पाय ओढून घेतला आणि झोपेतच तोंड वाकडं केलं.

"बाबा, झोपू द्या ना तिला," लेक म्हणाली.

"हो, हो," ते म्हणाले, आणि दुपट्याचं टोक ओढून त्यांनी तो पाय झाकून घेतला.